हिमालयन ४५० की केटीएम ३९० ॲडव्हेंचर? पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी

दाभोळच्या जेट्टीवर मी गाडी पाडली तेव्हा वेग ताशी पाच किलोमीटरही नव्हता. धोपाव्याहून फेरीबोट येऊन लागली होती, उतारावर शेवाळ होतं, आणि पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक दाबून डावा पाय टाकला, तर जमीन माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं खाली. गाडी सावकाश आडवी झाली. बायको आधीच उतरून चालत बोटीकडे गेली होती म्हणून वाचली. फेरीवरच्या दोन पोरांनी गाडी उचलून दिली आणि ‘काका, पेट्रोल सांडतंय’ असंही सांगितलं.

ती गाडी मी नुसते आकडे बघून घेतली होती. पीएस (म्हणजे इंजिनची ताकद) किती, टॉप स्पीड किती, शंभरचा वेग किती सेकंदांत. सगळ्यात ती वरचढ होती. ती विकून दुसरी घेतली, मग बरोबर फिरणाऱ्या मित्रांच्या गाड्या चालवल्या, आणि आता ओळखीतलं कुणी ‘या दोनमधली कुठली?’ असं विचारत आलं की मी त्याला आकड्यांच्या आधी जेट्टीची गोष्ट सांगतो. दोन टूरिंग गाड्यांमधला खरा फरक ताशी वीस किलोमीटरच्या आत कळतो, नाहीतर दोनशे किलोमीटर झाल्यावर. शोरूमची टेस्ट राईड असते या दोन्हींच्या मधली, त्यामुळे तिच्यात तो सापडत नाही.

इथे दोन गाड्या धरल्या आहेत, कारण आपल्याकडे हल्ली बहुतेकांचा घोळ याच दोनमध्ये होतो. पहिली रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५०. हिची किंमत नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात, कंपनीच्या मेळाव्यात जाहीर झाली. एन्फिल्डचं पहिलं लिक्विड कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड राहणारं, इंजिन हिच्यात आलं. दुसरी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, तीही जानेवारी २०२५ मध्ये आलेली नवी. नाव ऑस्ट्रियाचं, पण गाडी तयार होते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. जुनी ३९० (३७३ सीसीची, २०२० ची) किंवा जुनी हिमालयन ४११ सेकंडहँड घेणार असाल तर पद्धत हीच वापरा, आकडे मात्र वेगळे असतील.

पायरी पहिली: शोरूमला जाण्याआधी वही काढा

गेल्या वर्षभरात दुचाकीवर कुठे कुठे गेलात ते लिहा. कुठे जायची इच्छा आहे ते नको, खरोखर गेलात ते. पुण्याच्या माणसाची यादी साधारण अशी निघते: रोज ऑफिस, पावसाळ्यात दोनदा ताम्हिणी, एकदा दापोली-हर्णै, एकदा चोर्ला घाटाने गोवा, दिवाळीत गावी. लडाख यादीत नसतं, ते डोक्यात असतं. डोक्यात असायला हरकत नाही. पण आयुष्यात एकदा करायच्या पंधरा दिवसांसाठी उरलेले तीनशे पन्नास दिवस अवघडून बसायचं का, एवढं स्वतःला विचारा.

प्रत्येक प्रवासापुढे तीन गोष्टी टिपा: एकटा की मागे कुणी, सामान किती, आणि शेवटचे दहा किलोमीटर कसे होते. तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. कोकणात हायवे सोडल्यावर होमस्टेपर्यंत जो जांभ्याचा, खडीचा, शेणाचा उतार लागतो, तो दिवसभराच्या साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त थकवतो, आणि तोही संध्याकाळी, अंधार पडताना.

आणि यादीतून एक गोष्ट आताच खोडा: टॉप स्पीड. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावर बंदी आहे, मुंबईत सी लिंक आणि अटल सेतूवरही बंदी आहे. ज्या रस्त्यांवर तो वेग शोभला असता तिथे आपल्याला घेतच नाहीत. उरलेल्या रस्त्यांवर बैलगाडी, उसाचा ट्रॅक्टर आणि उलट्या बाजूने येणारा दुधवाला असतो. या दोन्ही गाड्या ताशी शंभराने दिवसभर आरामात जातात. विषय संपला.

पायरी दुसरी: नुसतं बसा

सेल्समन बोलायला लागला तर लागू द्या, तुम्ही बूट घालून बसा. बूट तेच, जे प्रवासात घालणार. कंपनीच्या कागदावर हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर, ती २० मिलिमीटरने वर करता येते, आणि वेगळी बुटकी सीट घेतली तर ८०५ पर्यंत खाली येते. केटीएमची ८३० मिलिमीटर. कागदावर फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे जाड मोज्याएवढा. पण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच वर उचलले जातात. सस्पेन्शन मऊ असेल तर तुमच्या वजनाने गाडी खाली बसते. म्हणून आकड्यावर जाऊ नका, बसून बघा.

माझी उंची पाच फूट सहा इंच. दोन्ही पायांचे तळवे टेकले पाहिजेत असा पूर्वी माझा हट्ट होता. तो सोडला. या प्रकारच्या गाडीवर एकच पाय नीट टेकवायचा असतो: थांबताना सीटवर किंचित डावीकडे सरकायचं, डावा तळवा पूर्ण टेकवायचा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. हे दोन्ही गाड्यांवर पाच-पाच वेळा करा. मग शोरूमच्या बाहेर, जिथे फुटपाथकडे उतार असेल तिथे पुन्हा करा. सपाट चकचकीत फरशीवर सगळ्याच गाड्या बुटक्या वाटतात.

त्यानंतर गाडी बंद ठेवून, तिच्यावर बसून, पायाने ढकलत मागे न्या. हिमालयन इथे जड लागते. ती १९६ किलोची आहे, केटीएम १८३ किलोची. तेरा किलो म्हणजे सिलिंडरच्या गॅसएवढं ओझं. त्यातला सुमारे दोन किलोंचा फरक पेट्रोलचा आहे, कारण हिमालयनची टाकी १७ लिटरची आणि केटीएमची १४.५ लिटरची, आणि लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं. बाकी वजन लोखंडाचं. गंमत अशी की चालायला लागल्यावर हिमालयनचं वजन जाणवेनासं होतं, कारण ते खाली आहे. पार्किंगमध्ये मात्र जाणवतं. सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल तर हे लक्षात ठेवा.

पायरी तिसरी: पडलेली गाडी उचलायची कशी ते आधी शिका

नवखे लोक ही पायरी गाळतात. शोरूमवाला गाडी आडवी पाडू देणार नाही, हे उघड आहे. पण ज्याच्याकडे गाडी आहे आणि जिला क्रॅशगार्ड लावलेत असा कुणीतरी ओळखीत निघतोच. रविवारी सकाळी मैदानावर भेटा, गवतावर गाडी अलगद आडवी करा आणि उचलून बघा.

आधी इंजिन बंद. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. गियरमध्ये असू द्या, चाक सरकणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, बूड सीटला टेकवा, गुडघ्यांत वाका. एक हात हँडलच्या जमिनीकडच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरियरला किंवा चौकटीला. पाठीने ओढायचं नाही, पायांनी जोर लावत मागे मागे छोटी पावलं टाकायची. कंबर शाबूत ठेवायची असेल तर दुसरा मार्ग नाही. सामानाच्या बॅगा आधी काढा, त्यात लाज कसली!

गाडी पाडायला कुणीच तयार नसेल तर निदान एवढं करा: गाडीच्या बाजूला उभे राहा, पलीकडून मित्राला धरायला सांगा, आणि गाडी हळूहळू आपल्याकडे कलवा. कुठल्या कोनाला हात थरथरायला लागतात ते बघा. दोन्ही गाड्यांवर हा कोन वेगळा येईल, आणि कुठल्या गाडीवर भरवसा ठेवायचा ते तिथेच बऱ्यापैकी कळेल.

पायरी चौथी: आता आकडे, पण मोजकेच

इंजिनात बघायचं ते असं. हिमालयन ४५२ सीसी, ४० पीएस, ४० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनचा ओढण्याचा जोर). केटीएम जवळजवळ ३९९ सीसी, ४६ पीएस, ३९ न्यूटन-मीटर. ताकदीत केटीएम पुढे, टॉर्कमध्ये बरोबरी. पण टॉर्क किती याच्याइतकंच तो कुठे मिळतो हेही महत्त्वाचं. हिमालयनचा पूर्ण टॉर्क इंजिनच्या मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना येतो, केटीएमचा ६,५०० ला. याचा अर्थ घाटात कळतो. वळणावर ट्रकमागे अडकलात, तिसऱ्या गियरमध्ये आहात, आणि आता ओलांडायचंय. हिमालयन बहुतेकदा त्याच गियरमध्ये ओढते. केटीएमला एक गियर खाली टाकावा लागतो, पण टाकलात की ती अशी सुटते की हसू येतं. ज्याला गियर बदलत राहायला आवडतं त्याला केटीएम आवडते. ज्याला गप्पा मारत जायचंय त्याला हिमालयन. यात चूक-बरोबर काही नाही, हा स्वभावाचा प्रश्न आहे.

चाकं. दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. पुढचं चाक मोठं असलं की खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. बदल्यात वळणात गाडी जरा आळसाने आत शिरते, हँडलला थोडं जास्त सांगावं लागतं. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर एक्स ही स्वस्त आवृत्ती पुढे १९ इंची अलॉय चाक घेऊन येते. तुमच्या वहीत नव्वद टक्के डांबर असेल तर एक्सकडे बघा. लोक तिला ‘अर्धी ॲडव्हेंचर’ म्हणून हिणवतात. म्हणू द्या. मुंबई-गोवा रस्त्यावर तिने मला काही कमी दिलं नाही.

सस्पेन्शनची हालचाल दोन्हींत पुढे २०० मिलिमीटर, मागे हिमालयनची २०० आणि केटीएमची २०५. इथेही बरोबरी. फरक आहे बसवण्यात. केटीएमच्या पूर्ण आवृत्तीत पुढचे शॉक बोटांनी घट्ट-सैल करता येतात. हिमालयनमध्ये तुम्हाला हात लावता येतो तो मागच्या स्प्रिंगच्या ताणाला. नवख्याला केटीएमचं ते पुढचं बटण मिळालं की तो दोन दिवस फिरवतो आणि मग विसरतो, हे मी स्वतःवरून सांगतो. मागच्या स्प्रिंगचा ताण मात्र दोन्हींवर शिकून घ्या. मागे माणूस आणि सामान आलं की तो वाढवायचा असतो. नाहीतर गाडीचं बूड खाली जातं, पुढचं टोक हलकं होतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. रात्री समोरून शिव्या येत असतील तर कारण बहुधा हेच.

जमिनीपासूनची उंची, डिस्कचा व्यास, स्क्रीनचा आकार हे आकडे सोडून द्या. दोन्हींत पुरेसं आहे.

पायरी पाचवी: टेस्ट राईड तुमच्या अटींवर

शोरूमवाले एका ठरावीक चौकोनात फिरवून आणतात: सरळ रस्ता, डावं वळण, यू-टर्न, परत. त्यात काही कळत नाही. फोन करून वेळ घ्या, आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा, लायसन्सची प्रत बरोबर न्या, आणि अर्धा तास द्या म्हणून आधीच सांगा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम.

पहिली दहा मिनिटं गर्दीत काढा. दोन्ही गाड्या लिक्विड कूल्ड आहेत, म्हणजे सिग्नलला थांबलं की पंखा सुरू होतो आणि गरम हवा कुठेतरी बाहेर पडते. ती कुठे पडते, नडगीवर की मांडीवर, हे एप्रिलमधल्या दुपारी सिंहगड रोडला कळतं तसं कुठेच कळत नाही. क्लच दोन्हींचा हलका आहे, पण वीस सिग्नलनंतर डाव्या मनगटाला विचारा.

मग रिकामी जागा शोधा. पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा धरून, जितकं सावकाश जाता येईल तितकं सावकाश जा. माणूस चालतो त्याहून कमी वेगाने. मग पूर्ण हँडल वळवून दोन्ही बाजूंना यू-टर्न. जेट्टी, होमस्टेचा उतार, गोठ्यापुढचं वळण, सगळं या दोन गोष्टींत येतं. पहिल्या गियरमध्ये एकदम कमी वेगाला केटीएम थोडी ठोकायला लागते, चेनचा खडखड आवाज येतो, क्लच जास्त वापरावा लागतो. हिमालयन तिथे शांत राहते. नवख्याच्या दृष्टीने ही हिमालयनची सर्वांत मोठी जमेची बाजू, असं माझं मत. तिच्या जाहिरातीत मात्र मला कायम बर्फाचे डोंगरच दिसतात.

नंतर फूटपेगवर उभे राहा. रिकाम्या रस्त्यावर, ताशी तीसने. गुडघे टाकीला लागतात का, हँडलवर वाकावं लागतं का, मान खाली ठेवून चालवावं लागतं का. उंच माणसाला हिमालयनचं हँडल बुटकं वाटू शकतं, त्यावर उंच करणारे रायझर मिळतात. कच्च्या रस्त्यावर उभं राहून चालवणं म्हणजे स्टाईल आहे असा समज आहे. तसं नाही. उभं राहिलं की धक्का गुडघ्यात जिरतो आणि गाडीला खालून हलायला जागा मिळते.

शेवटी एकदा चाळीसच्या वेगावरून जोरात ब्रेक. मागे कुणी नाही हे बघून. पुढचं टोक किती खाली जातं, दाबल्याबरोबर पकड येते की उशिरा, हे हाताला कळलं पाहिजे.

पायरी सहावी: मागच्या माणसाला विचारा

दुसऱ्या फेरीला घरच्या माणसाला घेऊन जा. मागे बसणाऱ्याला चढायला पाय किती उचलावा लागतो, पकडायला दांडी आहे का, गुडघे किती दुमडतात. माझ्या घरी निर्णय इथेच झाला. बायको केटीएमवर बसली, उतरली आणि म्हणाली, ‘अलिबागपर्यंत येईन. पुढे एसटीने.’ हिमालयनची मागची सीट रुंद आहे आणि मागे कॅरियर गाडीबरोबरच येतं, त्यावर सॅक बांधता येते. तुमच्या घरी उत्तर वेगळं येऊ शकतं, पण ते मागे बसणाऱ्याकडूनच आलं पाहिजे.

सामानाबद्दल एवढंच: पहिल्या वर्षी महागड्या ॲल्युमिनियमच्या पेट्या घेऊ नका. दोन बाजूंच्या कापडी बॅगा आणि मागे एक वॉटरप्रूफ गोणपाट-वजा बॅग पुरते. पेट्या पडल्यावर पाय अडकतो, शिवाय ट्रॅफिकमध्ये गाडी म्हशीएवढी होते.

पायरी सातवी: पेट्रोल, पंक्चर, मेकॅनिक

महाराष्ट्रात टाकीचा आकार फारसा महत्त्वाचा नाही, पंप सापडतोच. पण लडाख डोक्यात आहे ना? मग हे गणित करा. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सामान लादलेलं, चढ, वारा, असं धरून लिटरला २५ किलोमीटर मिळाले, तर हिमालयनच्या १७ लिटरमध्ये ४२५ किलोमीटर होतात. केटीएमच्या १४.५ लिटरमध्ये ३६२. तीन किलोमीटर कमी! म्हणजे केटीएम नेता येत नाही असं नाही, हजारो लोक नेतात, पण तीन-चार लिटरचा कॅन बांधावा लागतो आणि निघण्याआधी वाटेतल्या पंपांची ताजी चौकशी करावी लागते. हिमालयनवाला मात्र पाटीखाली फोटो काढून निवांत निघतो.

पंक्चरचा प्रश्न याहून नेहमीचा. हिमालयन सुरुवातीला ट्यूबच्या चाकांची आली, ट्यूबलेस स्पोक चाकं नंतर जास्त पैसे देऊन मिळू लागली. तुम्ही घेताय त्या आवृत्तीत ट्यूब आहे की नाही हे लेखी विचारा, केटीएमच्या बाबतीतही. ट्यूबलेस असेल तर खिळा काढून, रबरी दोरी भरून, छोट्या पंपाने हवा मारून वीस मिनिटांत निघता. ट्यूब असेल तर चाक खोलावं लागतं. गावातला पंक्चरवाला ते करतो, पण २१ इंची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही, म्हणून एक ट्यूब बॅगेत ठेवा. चाक खोलायला मागचा एक्सल नट कितीचा आहे तेही बघा, आणि तो पाना तुमच्याकडे आहे ना तेही. आणखी एक साधी चौकशी: डबल स्टँड आहे का, नसेल तर बसवता येतो का. चेनला तेल द्यायचं, चाक काढायचं, तर डबल स्टँडशिवाय दगड शोधत बसावं लागतं.

सर्व्हिस सेंटरच्या बाबतीत एन्फिल्ड उघडपणे पुढे आहे. तालुक्याच्या गावापर्यंत तिचं काही ना काही सापडतं, आणि मनाली-लेहकडे तर भाड्याच्या गाड्यांत एन्फिल्डच सर्वाधिक दिसतात, त्यामुळे तिथल्या मेकॅनिकचा हात बसलेला आहे. केटीएमची सर्व्हिस शहरांत उत्तम, आडगावात विरळ. ‘केटीएम बुडाली ना?’ असंही मला विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातली मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली हे खरं, पण नंतर बजाजनेच पैसा घालून तिची सूत्रं हातात घेतली, आणि ही गाडी तर आधीपासूनच चाकणला बनते. सुट्या भागांची काळजी त्या कारणाने करू नका.

पायरी आठवी: इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे भीतीवरचं औषध

केटीएमच्या पूर्ण आवृत्तीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे: मागचं चाक घसरायला लागलं की इंजिनची ताकद क्षणभर कापली जाते. वळणात, गाडी कललेली असताना ब्रेक दाबला तरी सांभाळून घेणारं एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी सोय) आहे. क्लच न दाबता गियर बदलणारा क्विकशिफ्टर आणि क्रूझ कंट्रोलही आहे. हिमालयनमध्ये यातलं काही नाही. तिच्यात साधं एबीएस, मागच्या चाकाचं बंद करण्याची सोय, आणि गोल स्क्रीनवर गुगलचा नकाशा.

नवख्याला कशाचा उपयोग? माझं मत: वळणातल्या एबीएसचा. ओल्या वरंध घाटात, झाडाच्या सावलीतल्या शेवाळलेल्या वळणावर, घाबरून ब्रेक दाबला जातोच. अशा वेळी ही सोय हाडं वाचवू शकते. या एका मुद्द्यावर केटीएम घेणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. क्रूझ कंट्रोल आपल्या रस्त्यांवर शोभेचं. नकाशाची स्क्रीन छान, पण त्यासाठी फोन खिशात चालू राहतो आणि तापतो. मागचं एबीएस बंद करायचं बटण पहिलं वर्षभर विसरून जा.

पायरी नववी: पैसे

शोरूम किमतीवर कधीच तुलना करू नका. केटीएम आली तेव्हा पूर्ण आवृत्ती ३ लाख ६८ हजारांच्या घरात होती, एक्स २ लाख ९१ हजारांच्या. हिमालयन २०२३ मध्ये २ लाख ६९ हजारांपासून सुरू झाली होती. त्यानंतर किमती हलल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागतो, तर ३५० सीसीपर्यंत १८ टक्के. इथे दिलेली दोन्ही इंजिनं वरच्या गटात आहेत. विम्यातही तीच रेघ आहे: २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये, तर १५० ते ३५० सीसीमध्ये ७,३६५ रुपये.

तेव्हा दोन्ही शोरूममधून छापील ऑन-रोड कोटेशन घ्या, आणि प्रत्येक ओळ कशाची ते विचारा. ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली तर कशाबद्दल ते विचारून कापायला लावा. मग त्या रकमेत चाळीस-पन्नास हजार मनातल्या मनात मिळवा: चांगलं हेल्मेट, गुडघे-कोपरांची ढाल असलेलं जाकीट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, क्रॅशगार्ड, बॅगा. एवढं बजेटात बसत नसेल तर गाडी एक पायरी खालची घ्या. बूट न घेता घेतलेली महाग गाडी हा मी पाहिलेला सर्वांत सामान्य मूर्खपणा आहे, आणि मीही तो केलाय.

पायरी दहावी: भाड्याने घेऊन एक रात्र बाहेर काढा

पुण्या-मुंबईत दोन्ही गाड्या भाड्याने मिळतात. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघून घ्या, पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर अपघात झाल्यावर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात पडतो. शुक्रवारी रात्री उचलायची, शनिवारी पहाटे निघायचं. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, तिथून दिघीकडे, फेरीने पलीकडे आगरदांडा, मुरूडला मुक्काम, रविवारी परत. या एका फेरीत घाट, तुटलेलं डांबर, जेट्टी, वाळूचा पट्टा आणि परतीची गर्दी असं सगळं येतं. पुढच्या महिन्यात दुसरी गाडी, तोच रस्ता, शक्यतो तोच मागचा माणूस. दोन्ही रविवारी घरी पोचल्यावर लगेच, आंघोळीच्या आधी, वहीत लिहा: काय दुखतंय, कुठे भीती वाटली, कुठे मजा आली. दोन दिवसांनी लिहिलंत तर फक्त मजा आठवते.

मला विचाराल तर मागे माणूस, सामान आणि लांबचे पल्ले असतील तर हिमालयन. एकटे जाणार, घाटात वळणं घ्यायला आवडतं, शहरात राहता, अंगात चपळाई आहे, तर केटीएम. वहीत डांबरच डांबर असेल तर केटीएमची एक्स. आणि मैदानावर दोन्ही गाड्या उचलताना दम लागला असेल, तर दोन्ही सोडून हीरोच्या एक्सपल्सवर वर्षभर हात बसवा. कमी वजनाची गाडी कच्च्या रस्त्यावर जे शिकवते ते जड गाडी शिकवत नाही, ती नुसती पाडते.

ठरली गाडी? मग डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडण्याआधी टायरची हवा मोजून घ्या (शोरूममध्ये ती बऱ्याचदा जास्त असते), दुसरी किल्ली आणि टूलकिट मोजून घ्या, सीट काढून पुन्हा बसवून बघा. आणि परत येताना ओल्या जेट्टीवर जाऊ नका, नवे टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडे असतात.